तिच्यासाठी घेतलेला जुना कॅमेरा

डॉक्टरनं कागदावर पेनानं एक तोंड काढलं आणि त्याच्या डाव्या अंगाला, कानाच्या पाळीपासून हनवटीपर्यंत, एक रेघ ओढली. "बाबा, एवढं काढावं लागेल," तो म्हणाला. "जबड्याचं हाडही जाईल. छातीचं मांस घेऊन तिथं लावू. चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

माझी बायको शेजारीच बसली होती. तिनं ते चित्र बघितलं, पदराचं टोक तोंडाला लावलं आणि खिडकीकडं बघायला लागली. हिनं जन्मभर मिसरी लावली त्याचं हे, असं डॉक्टरनं एकदा सांगितलं, मग परत सांगितलं. परत सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "कळलं की एकदा." मला कुणी दोनदा शिकवलेलं खपत नाही. चौथीतून शाळा सुटली ती बहुतेक त्याच्यामुळंच.

नगरहून शेवगावच्या एसटीत बसलो. पांढरीचा पूल आला. तिथं भेळेच्या गाड्यांपाशी एसटी थांबली, लोक खाली उतरले.

"भेळ आनू का?" मी विचारलं.

"तिखट लागतंय तोंडाला."

"बिगर चटनीची सांगतो."

"ती कसली भेळ." मग ती म्हणाली, "आपरेशनच्या आधी माझा एक फोटू काढा. तोंड हाय तंवर."

मी फोटोग्राफर. तालुक्याच्या गावी माझं दुकान होतं. शेवगाव, पाथर्डी, नेवासा, ह्या पट्ट्यात मी किती लग्नं केली त्याचा हिशोब नाही. घोडेगावच्या बाजारात बैलजोडी घेतली की लोक मला हाक मारायचे, जोडीच्या मधे उभं राहून फोटो काढून घ्यायचे. ऊसतोडीला निघालेली नवी जोडपी ट्रकमधे चढायच्या आधी दुकानात येऊन जायची. सगळ्या मुलखाचे फोटो मी काढले. माझ्या बायकोचा मात्र घरात एक धड फोटो नव्हता. लग्नातला होता, त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान, बाकी काही दिसत नाही. आणि आधार कार्डावरचा. तो फोटो म्हणायचा का, हे मी सांगत नाही.

ह्याला कारण होतं, आणि ते तिचं होतं. आमच्या भागात पूर्वी माणूस गेलं की फोटोवाल्याला बोलावणं यायचं. कित्येकांचा जिवंतपणी फोटो निघालेलाच नसायचा. मयताला भिंतीला टेकवून बसवायचे, डोक्याला फेटा गुंडाळायचे, मागं दोघांनी चादर धरायची आणि मी फोटो काढायचो. मग दुकानात बसून त्या फोटोवर बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवायचे. ह्या कामात माझा हात लई बसला होता. मी उघडलेले डोळे अजून कितीतरी घरांत भिंतीवरून बघत असतील. तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, गेले तेव्हा त्यांचाही मीच काढला. डोळे रंगवून तिच्या हातात दिला. ती फोटोकडं बघत राहिली आणि म्हणाली, "दादा असं बघत न्हवतं." त्या दिवसापासून ती माझ्या कॅमेऱ्यापुढं कधी उभी राहिली नाही. लोकांच्या घरी कार्यक्रमाला गेली तरी मी कॅमेरा डोळ्याला लावला की ही खांबाआड. पुढं मोबाईल आले. पोरीनं मोबाईल वर केला की हिचा पदर तोंडावर. पोरीकडं आईचे फोटो पुष्कळ आहेत, सगळे पदराचे.

म्हणून एसटीत ती स्वतःहून फोटो काढा म्हणाली तेव्हा मी सरळ बसलो. म्हणालो, "घरी गेल्या गेल्या पेटीतनं कॅमेरा काढतो."

"त्यानं न्हाई."

"मग?"

"दुसरा आना. ज्यानं मयत बघितलं न्हाई असा."

"आगं, रोलचे कॅमेरे कुनी ठेवत न्हाई आता. त्यानं काढतंय कोन."

"मग इचारता कशाला?"

पोरगी संगमनेरला दिलेली. आईचं ऐकून ती दुसऱ्या दिवशी आली. कॅमेऱ्याचं कळल्यावर म्हणाली, "आण्णा, माझ्या मोबाईलचा कॅमेरा चांगला आहे. आत्ता काढते, आत्ता मोकळे होऊ."

मी म्हणालो, "मोबाईलवरचा फोटो मोबाईलमधेच मरतो."

"तुमचं आपलं काहीतरीच."

तेव्हा बायकोच चुलीपासून म्हणाली, "ह्यांनी काढलेला पायजे मला. सगळ्या गावाच्या बायकांना ह्यांनी देखणं केलं. मला एकदा करूंद्या."

मी पेटी ओढून उघडली.

माझ्याजवळ एक लेन्स होती. एकशे पाच मिलिमीटरची, जुनी, हातानं फिरवायची. ही मी उशिरा घेतली होती आणि फक्त नवरीसाठी ठेवली होती. हळदीच्या दिवशी नवरी एकटी बसलेली असली की ही लावायची. मागचं सगळं विरघळून जायचं आणि तोंड तेवढं राहायचं, कातडी, डोळे, नाकातली नथ. मयतावर ही लेन्स कधी लागली नाही, ह्याची मी देवाशप्पथ खात्री देतो. बायकोलाही तेच सांगितलं. तिनं लेन्स हातात घेऊन आत बघितलं, जणू आत कुणी बसलंय. म्हणाली, "ही चालंल."

आता ह्या लेन्सजोगा कॅमेरा पाहिजे. डिजिटलमधे बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे रोलऐवजी ज्यावर फोटो उमटतो तो तुकडा, रोलच्या चौकटीपेक्षा बारीक असतो. माझी लेन्स त्याला लावली की कडेकडेचं कापलं जातं, मागं मागं सरकावं लागतं, भिंत आडवी येते. ज्याचा सेन्सर रोलच्या चौकटीएवढाच, त्याला फुल फ्रेम म्हणतात. त्याच्यात माझी लेन्स जशी पूर्वी बघायची तशीच बघणार होती. नवा घ्यायची आपली ऐपत नाही. नगरला एक पोरगा स्टुडिओ चालवतो, त्यानं नव्या पद्धतीचे बिनआरशाचे कॅमेरे घेतले आणि जुना काचेच्या कपाटात विकायला ठेवला, असं कळलं. लेन्स रुमालात गुंडाळून गेलो.

पोरगा चांगला होता. कॅमेरा काढून हातात दिला. चांगला वजनदार. पकडीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं.

"कुनी वापरलाय?" मी विचारलं.

"मीच की काका. लग्नं केली ह्याच्यावर."

"मयताचं काढलंय का ह्याच्यावर?"

"काय?"

"इचारतोय त्याचं सांग."

"नाही हो. हळद, लग्न, प्री-वेडिंग. एकदा एका कुत्र्याचा वाढदिवस."

"कुत्रं जितं होतं ना?"

"केक खात होतं काका."

मी बटण दाबून कानाजवळ आवाज ऐकला. आतला आरसा वर जातो आणि परत बसतो, तो आवाज मोकळा होता, कुठं अडकत नव्हता. माझी लेन्स चढवली. खटकन बसली. डोळा लावला आणि समोरच्या रस्त्यावर रिक्षात बसलेला एक माणूस बघितला, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी तशी चौकट बघितली. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, म्हणून आधी पुसट दिसलं. मग डोळा लावायच्या खिडकीच्या कडेला एक बारीक चाक असतं, ते फिरवत फिरवत माझ्या डोळ्याला बसवलं.

मग आतल्या धुळीची परीक्षा. त्यानं कॅमेऱ्यात एक निळं मेमरी कार्ड घातलं, मी गच्चीवर जाऊन लेन्सचं तोंड बारीक करून नुसत्या आभाळाचा फोटो काढला. खाली येऊन त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि आभाळ मोठं करून दाखवलं. मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. त्यानं फुग्यानं हवा मारून सेन्सर साफ केला, परत आभाळ, परत ठिपके, परत हवा. शेवटी एकदम स्वच्छ आभाळ आलं. एक फोटो नुसत्या भिंतीचा काढला, एक त्याच्या हाताचा. कॉम्प्युटरवर बघितले. हाताची एकेक रेघ दिसत होती.

"आता तुमच्या मनासारखं सेटिंग करून देतो," तो म्हणाला. जुन्या लेन्सचा नंबर आत भरून ठेवावा लागतो, तो त्यानं भरला. तारीख बसवली. मी म्हणालो, "फोटो काढल्या काढल्या मागच्या काचेवर दिसतो, ते बंद कर."

"का काका? तोच तर फायदा आहे."

"मी फोटो काढीत असताना मला माझं काम कुनी दाखवायचं न्हाई. काढायचं तवा काढायचं. बघायचं तवा बघायचं."

"एकदा बघितलेलं बरं असतं हो, काही चुकलं तर..."

"तू जन्मला न्हवतास तवापासनं मी काढतोय."

त्यानं बंद करून दिलं. तेवढ्यात लग्नाचा अल्बम ठरवायला त्याच्याकडं घरची पाच-सात माणसं आली, दुकान भरलं. मी पैसे दिले आणि कॅमेरा, चार्जर, बॅटरी, पट्टा, सगळं पिशवीत भरलं. तो गर्दीतून म्हणाला, "काका, सगळं घेतलं ना?" मी म्हणालो, "घेतलं."

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला ओट्यावर बसवली. आमचा ओटा पूर्वेला, समोर लिंबाचं झाड. ऊन वर आलं की झाडातून गाळून येतं आणि भिंतीवर आपटून परत तोंडावर पडतं. असा उजेड स्टुडिओत दिवे लावून येत नाही. तिनं हिरवी इरकल नेसली होती, नथ घातली होती. कुंकू जरा मोठं लावलं होतं. आरसा घेऊन पोरगी आतबाहेर करत होती.

ती उजवा गाल पुढं करून बसली. डावा गाल तोवर थोडा सुजला होता.

"इकडं वळ," मी म्हणालो. "डावी बाजू उजेडात घे."

"ती तर आजारी हाय."

"म्हनूनच."

तिला कळलं. वळली. डाव्या बाजूला तिच्या ओठाच्या कोपऱ्यापाशी एक बारीक घडी होती. ती लग्नात नव्हती, कधी पडली मला माहीत नाही, पण रागावली तरी तिथं हसल्यासारखं दिसायचं. भांडण झालं की मी त्या घडीकडं बघायचो, ती आहे तोवर फार बिघडलेलं नाही असं समजायचो. मी लेन्सचं कडं फिरवून तीच घडी स्पष्ट केली. खिडकीत फोकस बसल्याचा हिरवा ठिपका लागला. उजव्या कोपऱ्यात, उरलेल्या फोटोंचा आकडा असतो त्या जागी, एक इंग्रजी अक्षर उघडझाप करत होतं. मी म्हटलं, असेल ह्या कॅमेऱ्याची काही रीत.

"हनवटी जरा वर," मी म्हणालो.

ती हसायला लागली. "आली का हनवटी. सारी उमर दुसऱ्यांच्या बायकांना म्हनत आला, हनवटी वर, हनवटी वर. मला वाटायचं, हा बाबा घरी आल्यावर मला का म्हनंना."

"आता म्हनतोय ना."

"आता म्हनताय. आता ऱ्हाती का जाती तवा."

पोरगी आत निघून गेली. मी बटण दाबलं. मग आणखी दाबलं. मोजकेच काढले, हाताला रोलची सवय, उगाच वाजवत बसत नाही. एक ती हसत असताना, एक हसू ओसरताना, एक नुसती माझ्याकडं बघत असताना. त्या शेवटच्याला ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती, कॅमेऱ्यामागं मी होतो तिथं बघत होती. फोटोग्राफरला कळतं, आपल्याला फोटो मिळाला ते. मला कळलं.

"दावा की," ती म्हणाली.

"कागदावर आल्यावर बघायचा."

"ह्यात लगीच दिसतंय म्हनं."

"लगीच बघितलेला फोटो कच्च्या भाकरीवानी. पोटात दुखतं."

"दावत न्हाईत म्हंजे चांगला आला न्हाई."

"तुझ्याइतका चांगला आलाय."

तिनं मान वेळावली. लग्न झाल्यापासून असं मी काही बोललो नव्हतो. उठून आत गेली आणि पातेली आपटायला लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोरगी म्हणाली, "आई, मोबाईलवर पण एक काढून ठेवते." मी म्हणालो, "काढलाय मी. आता कशाला?" बायकोही म्हणाली, "ह्यांनी काढलाय." पोरीनं मोबाईल पिशवीत ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी तिला सकाळी आत नेलं. नथ, मंगळसूत्र, बांगड्या काढून पोरीच्या हातात दिल्या होत्या. जाताना मला म्हणाली, "शुद्धीवर आले की फोटू हातात पायजे." नर्स म्हणाली वेळ लागेल, संध्याकाळ होईल. बसून राहण्यापेक्षा मी कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि त्या पोराच्या स्टुडिओत गेलो. चांगल्या कागदावर मोठा फोटो काढून घ्यायचा, ती जागी व्हायच्या आत परत यायचं.

मला बघितल्या बघितल्या त्यानं ड्रॉवर उघडला. "काका, बरं झालं आलात. तुमचं कार्ड कॉम्प्युटरलाच राहिलं होतं. फोन केला होता दोनदा, तुम्ही उचलला नाही. म्हटलं, घरी दुसरं कार्ड असेल."

त्याच्या बोटांत ते निळं कार्ड होतं.

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "ते न्हवं. ह्यातले फोटो काढायचेत," आणि कॅमेरा पुढं केला. त्यानं कडेचं झाकण उघडलं. आत खाच होती. नुसती खाच.

ते झाकण मी एकदाही उघडलं नव्हतं. भरलेल्या कॅमेऱ्याचं झाकण उघडायचं नाही, उजेड आत गेला की रोल संपला, हे माझ्या हाताला इतकं पक्कं माहीत आहे की उघडावं असं मनातही आलं नाही. मला वाटलं होतं, आभाळ काढलं तेव्हा भरला तो भरला.

"पन बटन दाबलं जात होतं की," मी म्हणालो. "आवाज येत होता."

"कार्ड नसलं तरी बटण चालावं असं मी करून ठेवलं होतं काका. दुकानात गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायला. मागं फोटो दिसणं चालू असतं तर लगेच कळलं असतं..." मीच बंद करायला लावलं होतं, ते त्याला आठवलं असणार. चांगला पोरगा. त्यानं स्टूल पुढं केलं.

"परत काढा काका," तो म्हणाला. "अर्ध्या तासात प्रिंट देतो."

मी स्टुलावर टेकलो. त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावून दाखवलं, काही असेल तर म्हणून. ठिपक्यांचं आभाळ, थोड्या ठिपक्यांचं आभाळ, स्वच्छ आभाळ, भिंत, त्याचा हात.

मी दवाखान्यात परत आलो. तिला अजून आतच ठेवलं होतं. दारावर लाल दिवा. पोरीनं विचारलं, "झाला फोटो?" मी मान हलवली, तिला काय कळायचं ते कळू दे.

शुद्धीवर आली तेव्हा तिच्या नाकात नळी, गळ्यात नळी, अर्धं तोंड पट्ट्यांत. बोलता येत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघून दोन बोटांनी हवेत चौकोन काढला. मी म्हणालो, "डॉक्टरनं तुला दमू नको म्हनून सांगितलंय." चौकोन काढायला कसला दम लागतो. तिनं हात खाली ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटतं, ती तिथंच समजली. परत चौकोन काढला नाही.

घरी आलो. पट्ट्या निघाल्या. पोरीनं घरातला आरसा ट्रंकेत टाकला होता. बायकोनं मागितला, तो मी काढून दिला. आपल्याच तोंडाला माणसानं भ्यायचं काय. तिनं बघितलं. डावा गाल आत ओढलेला, त्यावर छातीची कातडी वेगळ्या रंगाची, ओठ खाली लोंबलेला. घडी जिथं होती तिथं टाक्यांची शिवण. आरसा पालथा घालून ती म्हणाली, "फोटू आना." शब्द नीट फुटत नव्हते, पण हे कळलं.

मी समोर बसून सगळं सांगितलं. कार्ड, झाकण, मागची काच बंद केलेली. काही लपवलं नाही.

"एकबी न्हाई?" ती म्हणाली.

"एकबी न्हाई."

तिच्या घशातून आवाज यायला लागला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसताना तोंडातून लाळ गळायला लागली, ती पदरानं टिपत टिपत म्हणाली, "रिकाम्या कॅमेऱ्यापुढं... हनवटी वर करायला लावली व्हय मला."

मीही हसलो असतो तर बरं झालं असतं. मला जमलं नाही.

त्या दिवसापासून ती भिंतीकडं तोंड करून जेवायची. पातळ पेज, दूध, तेही कडेनं गळायचं. मी जवळ बसलो की पाठ फिरवायची. एवढी वर्षं एका घरात काढली आणि आता मला तिची वेणी आणि पाठ दिसायची. "मी काय परका हाय का?" एकदा मी ओरडलो. ती भिंतीकडं बघूनच म्हणाली, "तुमी फोटूवालं हाय. तुमाला लई दिसतंय."

दुखणं गळ्यात परत निघालं. डॉक्टर म्हणाला, आता घरीच ठेवा. कार्ड मी कॅमेऱ्यात घालून ठेवलं होतं. झाकण उघडून बघायचं, आहे ना, आणि परत लावायचं, हा मला नादच लागला होता. एक दिवस दुपारी ती ओट्यावर बाजेवर पडली होती. मी असाच झाकणाशी चाळा करत बसलेलो. ती म्हणाली, "काढा."

"काय?"

तिनं पदर बाजूला केला. सगळा. "काढा. तुमच्या मनातनं जात न्हाई ते. काढा एक. पन लावू नका. भिंतीवर न्हाई, पोरीला न्हाई, कुनाला न्हाई दावायचा."

मी लेन्स लावली. हनवटीचं काही म्हणालो नाही. ठिपका लागला, आकडा लागला, बटण दाबलं. एकच. तिनं विचारलं, "आला?" मी मागची काच लावून बघितलं. म्हणालो, "आला." तिनं बघायला मागितला नाही. पदर परत घेतला.

त्यानंतर ती फार दिवस नव्हती.

दहाव्याच्या आधी पाव्हणे म्हणाले, फोटो पाहिजे, हार घालायला. पोरगी म्हणाली, "आण्णा, तुम्ही परत काढला होता का कधी? कसाही असू द्या." मी नाही म्हणालो. बायकोला शब्द दिलेला होता आणि आता तो मोडला तरी ओरडायला ती नव्हती, म्हणूनच मोडता येईना. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो नाही, हे पाव्हण्यांत कुणीतरी बोललंही. मी ऐकून घेतलं. मी, ज्यानं कुणाचं ऐकून घेतलं नाही कधी.

आधार कार्ड घेऊन आम्ही नगरला त्याच स्टुडिओत गेलो. पोरानं कार्डावरचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. काळपट, धुरकट, एक बाई वैतागून बसलेली. "आता ए.आय.नं छान होतं काका," तो म्हणाला. एक बटण दाबलं. बाई गोरी झाली. सुरकुत्या गेल्या. डोळे मोठे, ओठ सरळ. अंगावर मोरपंखी पैठणी आली, जी तिच्या सात पिढ्यांत कुणी नेसली नसेल.

"ही कोन?" मी म्हणालो.

"थांबा, बदलतो. सांगा कसं पाहिजे."

मी शेजारी बसलो. सांगायला लागलो. रंग उतरव. कपाळ एवढं रुंद नको. डाव्या ओठाच्या कोपऱ्यात एक घडी टाक. त्यानं टाकली. "एवढी न्हाई. बारीक. खाली न्हाई, जरा वर जाती." त्यानं वर नेली, मग बाई हसायला लागली, ते हसू कुणा दुसऱ्याचं होतं. पुसली, परत टाकली. पोराच्या कपाळावर घाम. तो माझ्याशी अपराध्यासारखा वागत होता, त्याचा काही अपराध नसताना. दुपार कलत आली. पोरगी मागं उभी राहून पदर चघळत होती. आणि मला कळून चुकलं की मी जितकं सांगत होतो तितकं माझ्या डोळ्यांपुढचंही पुसट होत होतं, स्क्रीनवरची बाई त्यात मिसळत होती. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर मला खरी कुठली ते सांगता आलं नसतं.

मी उठलो. "असू दे," म्हणालो. "हीच काढ."

"आण्णा, आई अशी नव्हती," पोरगी म्हणाली.

"मला माहीत हाय. काढ रे."

फ्रेम झाली. दहाव्याला पाटावर ठेवली, हार घातला, मग पोरीनंच मधल्या भिंतीवर खिळा मारून लावली. आली-गेली माणसं तिच्यापुढं हात जोडतात. जुनी ओळखीची माणसं जरा थबकतात, मग जोडतात. मीही सकाळी आंघोळ झाली की जोडतो. घरात कुणी परकी बाई येऊन बसली तर आपण तिचा मान ठेवतोच की. तिचा तरी काय दोष.